ग्लिच फोटोसाठी ऑडॅसिटी: फुकट, किचकट आणि तरीही सगळ्यात भारी

ऑडॅसिटी म्हणजे रेकॉर्डिंग कापायचं, खरखर काढायचं फुकट सॉफ्टवेअर, बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. मी ते फोटोंसाठी वापरते, म्हणजे फोटोचा डेटा मुद्दाम बिघडवून ग्लिच (तुटका-फुटका) फोटो करायला. फोनवरची बरीच ग्लिच अ‍ॅप वापरून झाल्यावर सांगतेय, हौशी माणसाला अ‍ॅबस्ट्रॅक्ट फोटो करायला यापेक्षा चांगलं मला तरी काही मिळालेलं नाही.

त्या अ‍ॅपमध्ये काय होतं, लाल-निळ्या कडा सरकवलेल्या, जुन्या व्हिडिओ कॅसेटसारख्या आडव्या रेषा, झालं. तुम्ही लोकलच्या गर्दीचा फोटो टाका नाहीतर कासच्या फुलांचा, वर थर तोच. फोटोत काय आहे याच्याशी इफेक्टला काही देणंघेणं नाही. ऑडॅसिटीत मात्र फोटोचा डेटाच आवाज समजून बदलला जातो त्यामुळे जे काही तुटतं ते त्या फोटोच्याच उजेड-अंधारातून तुटतं, आणि दोन फोटो कधीच सारखे येत नाहीत.

कसं करायचं ते सांगते. फोटो पेंटमध्ये उघडून २४ बिट बीएमपी म्हणून सेव्ह करा. जेपेग चालत नाही कारण ते कॉम्प्रेस केलेलं असतं, एक बाइट बिघडला की पुढचं सगळं घसरतं आणि इथे तर आपण लाखो बाइट हलवणार, फाइल उघडणारच नाही. मग ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा, एन्कोडिंग यू-लॉ, मोनो, ४४१०० हर्ट्झ. इफेक्ट लावून झाला की एक्सपोर्टमध्ये अदर अनकॉम्प्रेस्ड, हेडर रॉ, एन्कोडिंग परत यू-लॉच, आणि नावाच्या शेवटी बीएमपी टाइप करायचं. फाइलच्या सुरुवातीचे ५४ बाइट हेडरचे, म्हणजे फोटो केवढा, कसा याच्या माहितीचे असतात, त्यांना धक्का लागला तर फोटो उघडत नाही, म्हणून सिलेक्शन करताना पहिला अर्धा सेकंद सरळ सोडून द्या, त्यात १२ मेगापिक्सेल फोटोच्या पिक्सेलच्या जेमतेम दोन ओळी जातात आणि त्याही तळाच्या, कारण बीएमपी खालून वर साठवलेली असते. म्हणजे आवाजाची सुरुवात ही फोटोतली जमीन आणि शेवट म्हणजे आकाश.

आणि प्लीज, प्ले दाबू नका. हेडफोन लावून तर अजिबातच नको, कान बसवणारा कर्कश आवाज येतो.

मला सगळ्यात आवडतो तो इको. १२ मेगापिक्सेलचा ४००० बाय ३००० फोटो घ्या, एका पिक्सेलला ३ बाइट म्हणजे ३६ एमबी, आणि सेकंदाला ४४१०० बाइट जातात म्हणून साडेतेरा मिनिटांचा आवाज. एक आडवी ओळ साधारण ०.२७ सेकंदाची. आता इकोला १ सेकंद डिले (किती वेळाने पुन्हा ऐकू यायचं ते) दिला की फोटोची सावली तीन ओळी वर आणि २७०० पिक्सेल बाजूला जाऊन पडते. उलट ०.२७ सेकंद दिला तर ती एकच ओळ वर आणि ३१ पिक्सेल डावीकडे, मग पुढची त्याच्या वर, आणि सगळ्या कडांमधून तिरके ओघळ सुटतात. हे एकदा लक्षात आलं ना की नुसतं बटणं दाबून बघणं संपतं, कुठे काय उमटणार ते तुम्ही ठरवू शकता.

यासाठी पावसाळ्यातले घाटातले धुक्याचे फोटो काढून बघा, माळशेज, ताम्हिणी, कुठलेही. यू-लॉ हे मुळात टेलिफोनच्या आवाजासाठीचं एन्कोडिंग, आणि फोटोत ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा; यू-लॉमध्ये तो २५५ ही शांतता असते. धुकं पांढऱ्याच्या जवळ, म्हणजे जवळजवळ शांतच, त्यामुळे बाजूच्या काळ्या कातळाचा इको त्यात स्वच्छ उमटतो. एन्कोडिंग लॉगरिदमिक आहे, आवाज निम्मा झाला तरी आकडा थोडाच बदलतो, म्हणून डिके (दर इकोला आवाज किती उरतो ते) ०.५ ठेवला तरी पहिली सावली जवळपास तितकीच काळी येते आणि पुढच्या हळूहळू फिक्या होत जातात, एकाच कड्याच्या रांगा धुक्यात उभ्या. मधल्या करड्या रंगावर मात्र जबरदस्त तोडफोड होते कारण १२७ म्हणजे शांतता आणि लगेच १२८ म्हणजे सगळ्यात मोठा आवाज. डांबरी रस्ता, सिमेंटची भिंत असलेले फोटो म्हणून फार रागीट दिसतात, मला ते पण आवडतं.

रिव्हर्स केलंत तर फोटो उलटा होतोच पण लाल आणि निळ्याची अदलाबदल होऊ शकते. फेजर लावला की रंगांचे पट्टे लाटांसारखे येतात, संध्याकाळच्या आकाशाला छान. रिव्हर्बने मला नुसता चिखल मिळतो, त्यात पडू नका.

तक्रारी आहेतच. प्रिव्ह्यू नाही, प्रत्येक वेळी एक्सपोर्ट करून बघा, आवडलं नाही तर अनडू करून परत. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ७२ एमबी होते, सत्तावीस मिनिटांचा आवाज, जुन्या लॅपटॉपवर वैताग येतो, आधी फोटो लहान करून घ्या. फोनवर हे चालत नाही. पिक्सेल सॉर्टिंग, म्हणजे पिक्सेल उजेडाप्रमाणे क्रमाने लावणं, पण इथे होत नाही, त्यासाठी किम आसेनडॉर्फ या कलाकाराची प्रोसेसिंग या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट आहे, ती वेगळी शिकावी लागते. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्युझ ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर टेलिमेट्रीवरून, म्हणजे वापराची माहिती कंपनीला पाठवण्यावरून, गदारोळ झाला होता आणि तो बेत त्यांनी मागे घेतला, या कामाला तसंही नेट लागत नाही, बंद करून बसा.

जे आवडेल ते लगेच पीएनजी करून ठेवा, बीएमपी साठवत राहिलात तर हार्ड डिस्क बघता बघता भरते, आणि इको-फेजरचे आकडे फाइलच्या नावातच लिहा, नाहीतर तोच इफेक्ट दुसऱ्या फोटोवर हवा असला की सापडत नाही.