डिकीचा तळ आणि हाताचं बीडिंग मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

एमजीबी रोडस्टर या जुन्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या डिकीचा कुजलेला तळ नव्याने घडवायचा होता, म्हणून हाताने फिरवायचं बीडिंग मशीन घेतलं, म्हणजे दोन रोलरांमधून पत्रा नेऊन त्यावर लांब उठाव पाडणारं यंत्र. त्याचा गळा, म्हणजे पत्रा कडेपासून जितका आत जातो ते अंतर, 18 इंच आहे. तळ बसला, गाडी रस्त्यावर आली, आणि त्यानंतरही मशीन कायम हाताखाली आहे. घेणं योग्य ठरलं, हे आधीच सांगतो. पण मशीन खोक्यातून जसं निघतं तसं वापरलं, तर निराशाच होईल.

आधी गाडीबद्दल. एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून अधिक. तिला वेगळी चेसी नाही. पत्र्याची बॉडीच भार उचलते, त्यामुळे डिकीचा तळही नुसतं झाकण नसतो. मागचे दोन्ही लेग (तळाखालच्या लांब पोकळ तुळया), आतल्या मडगार्डचे पत्रे आणि मागचं पॅनल तो एकत्र धरून ठेवतो. पेट्रोलची टाकी याच तळाखाली असते. टाकीचा माथा आणि तळ यांच्या फटीत चिखल साचतो, तो लवकर वाळत नाही, आणि गंज दोन्हीकडे खात सुटतो. वरून डिकीच्या झिजलेल्या रबरातून आलेलं पाणी मॅटखाली मुरतं. तळ कुजलेला दिसला की टाकीचा माथाही तपासा.

तयार तळ बाजारात मिळतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पत्रे बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीने तर 1988 पासून एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवायला घेतली. तरीही मी पूर्ण तळ बदलला नाही. माझ्या गाडीत तळाचा पुढचा भाग ठणठणीत होता, लेगवरचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड शाबूत होते. ते सगळे उपटले की मागच्या बाजूची मापं हलण्याचा धोका. चांगलं लोखंड काढून नवं घालण्यात मला तरी शहाणपण वाटत नाही. मग मागचा तुकडा हाताने घडवणं आलं, आणि त्यावर मूळ तळासारखे लांब उठाव हवेत म्हणून हे मशीन.

उठाव शोभेसाठी नसतात. 1 मिमीचा सपाट पत्रा स्टेपनीच्या वजनाने थरथरतो, उठावांनी तो ताठ होतो. खरी कसोटी इथेच लागते. 12 मिमी रुंद आणि 4 मिमी उंच गोल उठाव घ्या. त्याच्या वळणाची लांबी भरते 15 मिमीच्या थोडी वर. म्हणजे प्रत्येक उठावाला तीनेक मिमी पत्रा जास्त लागतो. त्यातला काही ताणून निघतो, उरलेला बाजूने ओढला जातो. कारखान्यातला प्रेस सगळ्या कडा दाबून धरतो आणि सगळे उठाव एका ठोक्यात पाडतो. आपल्याकडे ते एकामागून एक पडतात. मधला पत्रा आत ओढला जातो, उठाव जिथे संपतात त्यापलीकडची कड मात्र होती तेवढीच राहते. ती कड मग पापडासारखी लाटा धरते.

यावर दोन उपाय मला लागू पडले. उठावाच्या रेषेवर आधी इंग्लिश व्हीलने (दोन चाकांमध्ये दाबून पत्रा ताणणारं यंत्र) पत्रा थोडा ताणून घ्यायचा. तिथे हलका फुगवटा येतो आणि उठाव पाडताना तोच खपतो. तरीही कड लाटली, तर श्रिंकरने, म्हणजे पत्र्याची कड जबड्यात धरून आखडणाऱ्या हत्याराने, ती आवळायची. आणि पत्रा चारही बाजूंनी मोठाच ठेवा. उठाव आधी, अंतिम माप मग, कडा वाकवणं सगळ्यात शेवटी. पूर्ण खोली एका फेरीत गाठू नका, प्रत्येक फेरीला स्क्रू थोडा थोडा आवळा. स्क्रूवर खुणा नसतात, म्हणून मी मुठीवर रंगाचा ठिपका दिला आहे. त्यामुळे सगळे उठाव सारख्या खोलीचे येतात.

आता मशीनचे दोष. पहिला आणि मोठा दोष फ्रेमचा. 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिमीचा पत्रा चालतो असा दावा असतो. चालतो, पण दाब वाढला की सी आकाराची फ्रेम उघडते, रोलर तिरके होतात आणि उठावाची एक बाजू धारदार पडते. फ्रेमच्या पाठीवर चौकोनी पाइप वेल्ड केल्यावर हा त्रास जवळजवळ संपला. दुसरा दोष, रोलर धरणारे छोटे स्क्रू वापरता वापरता सैल होतात. वरचा रोलर एक मिमी सरकला तरी पत्र्यावर ओरखडा उमटतो. प्रत्येक कामाआधी ते आवळतो, शाफ्टच्या बुशला ग्रीस देतो. बुशमध्ये थोडा खेळ आला आहे, अजून अडलेलं नाही. एकट्याने हँडल फिरवून पत्रा सरळ नेणं कठीण. एकाने फिरवावं, दुसऱ्याने पत्रा न्यावा.

सोबतच्या रोलरांत मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पायरी पाडणारा. जोडाच्या कडेला तो पत्र्याच्या जाडीएवढी पायरी देतो, त्यामुळे नवा पत्रा जुन्यावर चढूनही बाकीचा पृष्ठभाग एका पातळीत राहतो. मी मुद्दाम नव्या पत्र्याची कड वर ठेवली. खालून जुन्याची कड मागे तोंड करून राहते, चाकांनी उडवलेलं पाणी थेट जोडात घुसत नाही. नव्या पत्र्याला 6 मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड केले, म्हणजे ती भोकं वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडली, एकाच ठिकाणी सलग न करता लांब लांब उड्या मारत, नाहीतर उष्णतेने पत्रा पुन्हा वाकतो. जोडाच्या दोन्ही अंगांना आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतं असा गंजरोधक थर), शेवटी वरून-खालून सीलर. टाकी अर्थात आधीच उतरवून दूर नेली होती. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, इथे कुणीही घाई करू नये.

महिने उलटल्यावर तळाखाली वाकून पाहिलं: सीलर कुठे फुटलेला नाही, जोडावर तांबूस रेघ नाही, स्टेपनीखाली पत्रा दबलेला नाही.

घ्यावं का? एकच सरळ तुकडा हवा असेल तर तयार पॅनल कापून लावणं सोपं. पण पायाखालचे पत्रे, दारांचे तळ, बॅटरीचा कप्पा अशी कामं रांगेत असतील तर हे मशीन घ्या, आणि पहिला पत्रा घालण्याआधी फ्रेमच्या पाठीला पाइपचा आधार द्या. मोटरच्या आवृत्तीची मला गरज भासली नाही. वळणाच्या उठावांवर हाताने मिळणारा ताबा मला जास्त हवासा वाटतो. 18 इंच गळ्यात रुंद पत्र्याच्या मध्यापर्यंत पोहोचता येत नाही, तेव्हा आपल्या सगळ्यात रुंद तुकड्याचं माप घेऊनच गळा निवडा.