चोवीस वायरी स्वतः ओवाव्यात की तयार एक्स्टेन्शन लावावं?

परकरात नाडी ओवताना मध्येच सेफ्टी पिन उघडली की काय पंचाईत होते, हे ज्याने अनुभवलंय त्याला एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, वायरीवर स्लीव्ह (वरून घालायची विणलेली नळी) चढवणं फार समजावून सांगावं लागत नाही. काम तेच, फक्त मदरबोर्डच्या एका केबलसाठी ते तेवीस वेळा करायचं. हो, कनेक्टरला जागा चोवीस असल्या तरी वायरी तेवीसच. उणे ५ व्होल्टची वायर प्रमाणातून गेल्यापासून विसावी जागा रिकामी असते. त्यात सीपीयूच्या आठ आणि ग्राफिक्स कार्डाच्या दोन केबलींच्या सोळा धरल्या की आकडा सत्तेचाळीसवर जातो.

कॅबिनेट पत्र्याचं होतं तोवर हा पिवळा-लाल-नारिंगी गुंता आत सुखाने नांदत होता. काच आली आणि तो चव्हाट्यावर आला. आधीच सांगतो, स्लीव्ह घातल्याने पीसी थंडही राहत नाही आणि वेगानेही पळत नाही. सगळा दिसण्याचा मामला आहे. त्यामुळे कुठला मार्ग धरायचा ते दोनच गोष्टींवर ठरवा: काचेतून नेमकं काय दिसतं, आणि तुम्हाला सुईदोऱ्यासारखं बारीक काम करायला आवडतं का.

म्हणून पैसे काढण्याआधी बाजूची काच उतरवून आत बघा. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर बहुतेक वेळा केबली आधीच काळ्या, चपट्या पट्टीच्या असतात. आतला रंगही काळाच असेल तर मागच्या बाजूने नीट वळवून, चार झिपटाय मारून काम भागतं. इथेच थांबणारे लोक मला शहाणे वाटतात. मी थांबलो नाही, हा भाग वेगळा.

एक्स्टेन्शन: अर्ध्या तासाचं काम

मूळ केबलच्या टोकाला साधारण तीस सेंटिमीटरची, आधीच स्लीव्ह चढवलेली केबल जोडायची. तिचं दुसरं टोक मदरबोर्डवर. मूळ रंगीत वायरी मागे पत्र्याआड जातात आणि पुढून फक्त देखणा भाग दिसतो. पिन काढायची नाही, हीट गन लागत नाही, वॉरंटीला धक्का नाही. नको झालं तर काढून ठेवा, पुढच्या पीसीला लावा.

एक्स्टेन्शनमुळे व्होल्टेज पडतं अशी भीती घातली जाते. हिशेब करून बघू. १८ गेजच्या (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण २१ मिलिओहम रोध असतो, म्हणजे तीस सेंटिमीटरला सहा-साडेसहा. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल १५० वॅटची. १२ व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर होतात आणि तीन वायरींत वाटले की एकीच्या वाट्याला चारच्या आसपास येतात. पडलेलं व्होल्टेज २७ मिलिव्होल्ट. परतीच्या वायरी आणि जोडातला रोध धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या, प्रमाणात १२ व्होल्टला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ६०० मिलिव्होल्ट. तेव्हा ही भीती सोडा.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली जागेची. जोडाचा तो ठोकळा मदरबोर्डच्या मागे कुठेतरी मावायला हवा. कॅबिनेट छोटं असेल तर मागचं झाकण फुगतं, मग गुडघा टेकवून स्क्रू लावायची वेळ येते. दुसरी वायरीच्या प्रतीची. अगदी स्वस्त संचात तांब्याऐवजी वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम निघू शकतं. एखाद्या तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर परत करा. नुसती कथिलाचा मुलामा दिलेली असेल तर खरवडल्यावर खाली तांबूस दिसतं, ती चांगली. वर्णनात गेज लिहिलेलंच नसेल तर मी तो संच घेत नाही.

स्वतः ओवायचं ठरवलं, तर कशात?

दोन माल आहेत. एक पॅराकॉर्ड, म्हणजे ट्रेकवाल्यांच्या सॅकला लटकणारी नायलॉनची दोरी. ५५० नावाने मिळते ती साधारण चार मिलिमीटर जाडीची असते. आतले सातएक दोरे ओढून काढले की उरते ती पोकळ नळी, आणि १८ गेजची वायर तिच्यात बेताची बसते. दुसरा माल पीईटी या प्लास्टिकची विणलेली स्लीव्ह. ही जाळी दाबली की फुगते, ताणली की आवळते. जर्मनीच्या एमडीपीसी-एक्सचं नाव हौशी लोकांत चालतं ते याच प्रकारात.

हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. पॅराकॉर्ड मऊ, कापडासारखा आणि अपारदर्शक आहे. पांढरा घातला तरी खालची लाल वायर डोकावत नाही. पीईटी चकचकीत आणि किंचित ताठ. फिकट रंगात खालची वायर जाळीतून दिसते, म्हणून पांढऱ्या पीईटीखाली पिवळी वायर असली की ती आजारी माणसाच्या डोळ्यांसारखी वाटते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पीईटीला दिलेला बाक तसाच टिकतो. पॅराकॉर्ड मलूल पडतो आणि दर थोड्या अंतरावर कोंब, म्हणजे वायरी ओळीत धरणारी कंगव्यासारखी पट्टी, लावावीच लागते. धूळही पॅराकॉर्ड जास्त धरतो. पीईटीवरून कोरडा ब्रश फिरवला की काम झालं.

चढवायला पॅराकॉर्ड त्रासदायक, कारण तो फुगत नाही. आळीसारखा थोडा थोडा पुढे सरकवत न्यावा लागतो. पीईटी भसकन चढते, पण कापलेलं टोक लगेच उसवतं. कापल्या कापल्या लायटरने शेकून घ्या. शिवाय ती फुगली की लांबीला आखडते, म्हणून वायरीच्या मापाने कापली तर शेवटी दोन बोटं तोकडी पडते. माझ्या पहिल्या चार वायरी अशाच गेल्या.

माझं मत विचाराल तर एसएमपीएसच्या वायरींना काळा किंवा गडद रंग हवा असल्यास पीईटी, फिकट हवा असल्यास पॅराकॉर्ड.

चोवीस पिनांची केबल जवळून

कनेक्टर मोलेक्सच्या मिनी-फिट ज्युनिअर जातीचा. प्रत्येक भोकात पितळेचं टर्मिनल असतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन इवले पंख. हे पंख प्लास्टिकला अडतात म्हणून वायर बाहेर येत नाही. काहीही काढण्याआधी कुठली वायर कुठे आहे याचा फोटो काढून ठेवा. काढायचं हत्यार मिळतं, पण जाड स्टेपलरच्या दोन पिना सरळ केल्या तरी चालतात. नवशिका इथे वायर ओढतो आणि पंख अधिकच रुततात. आधी वायर आत ढकलायची, म्हणजे पंख मोकळे होतात. मग समोरून दोन्ही बाजूंना पिना घालायच्या आणि तेव्हा हळूच ओढायचं. जमलं की लोण्यातून सुरी निघावी तसं टर्मिनल बाहेर येतं.

ते पंख आता आत दबलेले असतात. परत घालण्याआधी ब्लेडच्या टोकाने बाहेर उघडा. हे विसरलं तर वायर वरवर बसल्यासारखी वाटते, पण मदरबोर्डवर कनेक्टर दाबताना तेवढंच टर्मिनल मागे सरकतं. पीसी चालू होत नाही आणि तुम्ही दोन दिवस रॅमवर संशय घेता. अनुभवाचे बोल आहेत. परत बसवलेली प्रत्येक वायर एकदा ओढून बघायची सवय मला त्यानंतर लागली.

ओवताना पंख जाळीत अडकतात, म्हणून टर्मिनलवर सेलोटेपचा एक निमुळता वेढा द्यायचा. नाडीच्या टोकाला गाठ मारतो तसंच. मग स्लीव्ह, वर सव्वा-दीड सेंटिमीटर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी ट्यूब, आणि हीट गन. लायटरने होतं, पण काजळी धरते. पांढऱ्या पॅराकॉर्डवर तर दिवाळीच्या पणतीमागच्या भिंतीसारखा डाग पडतो. हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, ट्यूब अर्धवट आवळते. काहींना हीट श्रिंक दिसायलाच नको असते. ते स्लीव्ह टर्मिनलपाशीच वितळवून चिकटवतात. दिसतं सुरेख, पण त्यासाठी नवी टर्मिनल्स आणि ती वायरीवर दाबून बसवणारं चांगलं क्रिंपिंग टूल लागतं. पहिल्याच खेपेला तो नाद नको.

कधी एकाच भोकात दोन वायरी आढळतील. ती चूक नाही. ३.३ व्होल्टच्या नारिंगी वायरीसोबत येणारी बारीक वायर कनेक्टरपाशी किती व्होल्ट पोचलं ते मोजण्यासाठी असते. तिला कापू नका. दोन्ही टोकं एकाच टर्मिनलवर असल्यामुळे स्लीव्ह दोघींवर मिळून चढवावी लागते आणि तिथे ती जाड दिसते. काही एसएमपीएसच्या केबलींत टोकाशी छोटे कपॅसिटरही असतात. तसं दिसलं तर मी ओवण्याचा बेत सोडून एक्स्टेन्शन घेईन.

मला हे सगळं करायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी बोटांची टोकं सोलली होती.

केबल मॉड्युलर असेल तर दोन्ही टोकं उघडावी लागतात, म्हणजे श्रम दुप्पट. आणि एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली वायर कुठे, याचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं, इकडचं मात्र ज्याचं त्याचं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. माझ्या मित्राने जुन्या एसएमपीएसची साटा केबल, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारी, नव्याला लावली. कनेक्टर व्यवस्थित बसला, हार्ड डिस्क मात्र गेली आणि तिच्यासोबत बहिणीच्या लग्नाचे फोटोही. म्हणून तयार कस्टम संच घ्यायचा झाला, केबलमॉडसारख्यांकडे मिळतो तसा, तर आपल्या एसएमपीएसचं मॉडेल अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या. हा पर्याय दिसायला सर्वांत नेटका आणि खिशाला सर्वांत जड.

सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड यांचे आठ पिनांचे कनेक्टर दिसायला भावंडं असले तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी त्यांच्यात उलट्या असतात. दोन्ही केबली एकाच वेळी उघडून बसू नका.

नव्या कार्डांची सोळा पिनांची केबल घरी उघडूच नका. तिच्यावरून ६०० वॅटपर्यंत वीज जाते आणि टर्मिनल्स आणखी बारीक असतात. २०२२ साली आरटीएक्स ४०९० आल्यावर नीट न बसलेले कनेक्टर वितळल्याचे फोटो जगभर फिरले होते. तिथे माझ्या स्टेपलरच्या पिनांचा प्रयोग नको. एसएमपीएसची पेटीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असू शकतं.

फॅनची केबल मात्र स्वतःच करा

इथे मी तयार मालाची शिफारस करणार नाही. पंख्याच्या वायरी बारीक असतात, चारही मिळून एकाच तीन-चार मिलिमीटरच्या स्लीव्हमध्ये मावतात, आणि चुकलंच तर सहसा एका पंख्याचं नुकसान. शिवाय पुढच्या काचेतून सर्वांत जास्त डोळ्यांत खुपतात त्या याच लोंबणाऱ्या वायरी.

कनेक्टरच्या एका अंगाला छोट्या खिडक्या असतात आणि त्यांतून टर्मिनलची जीभ दिसते. शिवणाची सुई टेकवून ती दाबा, वायर अलगद मागे येते. त्याआधी फोटो काढा. जुन्या पद्धतीच्या पंख्यात काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग सांगणारी आणि निळी पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी, असते. हल्ली मात्र पुष्कळ पंख्यांत चारही वायरी काळ्या असतात. अशा वेळी प्रत्येकीला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून १ ते ४ आकडे टाका, आणि स्लीव्ह चढेपर्यंत ते आकडे टिकतील असं बघा. माझे निघाले. मग मल्टिमीटरही कामाला येईना, शेवटी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पंख्याची खिडकीपासून मोटरपर्यंत वायर न् वायर ताडून पाहिली.

पंख्याकडचं टोक उघडायची गरज नाही. वायरी तिथे मोटरखाली डाख दिलेल्या असतात. स्लीव्ह चौकटीपर्यंत सरकवा आणि हीट श्रिंकने घट्ट आवळा, म्हणजे सुटलेला धागा पात्यात जाणार नाही. एका पंख्याला सुरुवातीला अर्धा तास, हात बसल्यावर दहा मिनिटं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हीट श्रिंक मीटरवर मिळते. तीन मापांची एक-एक मीटर घेऊन ठेवा, कुठलं बसेल ते आधी कळत नाही.

दोन पंखे ओवून झाले आणि तिसरा करावासा वाटला तरच चोवीस पिनांकडे वळा. दुसऱ्या पंख्यालाच कंटाळा आला असेल तर मोठ्या केबलींना एक्स्टेन्शन मागवा.

आणि चोवीस पिनांची केबल केलीतच, तर ती थेट मदरबोर्डला लावू नका. एसएमपीएस टेबलावर ठेवा, एक जुना पंखा जोडा, पेपरक्लिपने हिरव्या वायरीची जागा शेजारच्या ग्राउंडला जोडा आणि मागचं बटण दाबा. स्लीव्हखाली आता सगळ्या वायरी सारख्याच दिसतात, म्हणून सुरुवातीला काढलेला फोटो समोर धरा. मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल टोक एकेका भोकात: पिवळ्यांच्या जागी १२, लालच्या जागी ५, नारिंगीच्या जागी ३.३. तेवीसपैकी एक जरी आकडा चुकला तरी स्टेपलरच्या पिना परत हातात घ्यायच्या.