स्वस्त स्पाइक गार्ड: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

४०० ते ८०० रुपयांतले स्पाइक गार्ड टीव्ही, राउटर आणि कॉम्प्युटरला वळवाच्या आधीपासून दिवाळीपर्यंत लावलेले होते. एक्स्टेंशन बोर्ड म्हणून यातले बहुतेक बरे आहेत. व्होल्टेज क्षणभर उसळतं त्या झटक्यापासून संरक्षण म्हणाल, तर तिथे हात आखडता आहे.

सगळं काम करते ती एमओव्ही नावाची चकती, व्होल्टेज फार चढलं की झटका स्वतःतून वाहून नेणारी. स्वस्त बोर्डात ती एकच, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. बऱ्या बोर्डात तीन, म्हणजे फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या जोड्यांनाही. प्लग काढून बोर्ड उघडला तर चकतीवर १४डी४७१ किंवा २०डी४७१ असं वाचता येतं. पहिला आकडा व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. मोठी चकती जास्त झटके सोसते. ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट, पण तिथे ती जेमतेम वाहायला लागते. जोराच्या झटक्यात टीव्हीपर्यंत पावणेआठशेच्या आसपास व्होल्ट पोचतातच. शिवाय प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक चकती झिजते आणि बाहेरून काही कळत नाही. स्वस्त बोर्डावरचा लाल दिवा बहुतेक वेळा फक्त लाइट आहे एवढंच सांगतो. चकती मेली तरी तो मजेत पेटलेला असतो.

खरी गोची आहे ती न्यूट्रल तुटण्याची. थ्री फेज लाइनवर न्यूट्रल गेला की एखाद्या घरात ३५० व्होल्टच्या वरही येतात, आणि तेही मिनिटंच्या मिनिटं. ही चकती सतत ३०० व्होल्टपर्यंतच झेपवते. त्यापुढे तापते, फुटते, कधी पेटतेही. म्हणून चकतीला चिकटून थर्मल फ्यूज, म्हणजे तापल्यावर जोड तोडणारा फ्यूज, आहे का, ते बघावं. अशा व्होल्टेजवर इलाज मेन बोर्डात बसवायच्या ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरचा. कमी व्होल्टेजला तर स्पाइक गार्ड काहीच करत नाही, ते स्टॅबिलायझरचं काम.

अर्थिंग आधी तपासा. मल्टीमीटर एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३०च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेवर डुलत असेल तर अर्थची तार कुठेच जोडलेली नाही आणि तीनपैकी दोन चकत्या शोभेच्या. जुन्या वायरिंगच्या घरांत हे सर्रास दिसतं. आकडे बरोबर आले तरी एकदा वायरमनकडून लोड टाकून बघून घ्यावं, कारण मीटरला बारीकसा संपर्कही पुरतो.

काही महिन्यांनंतर आधी हार मानतात ते सॉकेट. सगळ्या देशांच्या पिना घेणारी युनिव्हर्सल भोकं आपल्या गोल पिनेला धड धरत नाहीत. जड अडॅप्टर लोंबकळला की पकड आणखी ढिली, मग ठिणगी, उष्णता आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक. आपल्या गोल पिनेचेच सॉकेट असलेला बोर्ड घ्या, आतल्या पट्ट्या पितळी असाव्यात. पट्टीला चुंबक चिकटलं तर ती लोखंडी, मुलामा दिलेली.

६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. १००० वॅटची इस्त्री एकटी चालेल. १५०० वॅटची किटली, गिझर, इंडक्शन नाही. वायर गुंडाळून ठेवली तर उष्णता आतच कोंडते, तेव्हा पूर्ण सोडा. एका बोर्डात दुसरा बोर्ड तर नकोच.

राउटरसाठी एक वेगळी गोष्ट. खांबावरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर वीज तिथूनही शिरते आणि स्पाइक गार्ड बघत बसतो. डीटीएचच्या केबलचंही तेच. फायबरला ही भीती नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच पॉवरच्या प्लगबरोबर त्या केबलही उपसून ठेवा.