एसव्हीटी: रोजची गोळी की ॲब्लेशन?

छातीत अचानक सुरू होणारी आणि तशीच अचानक थांबणारी धडधड, ठोके मिनिटाला 180-190, आणि फाईलवर लिहिलेलं ‘एसव्हीटी’ (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी जलद धडधड). एवढं तुमच्याकडे असेल तर डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले असतीलच: गोळी चालू ठेवू, नाहीतर ॲब्लेशन करून टाकू, म्हणजे हृदयातली विजेची चुकीची वाट तारेने बंद करू. मी पहिल्या रस्त्याने तीन वर्षं काढली आणि मग दुसरा धरला. मावसभावाच्या सुनेला गेल्या महिन्यात हेच निदान झालं. तिने फोनवर तासभर प्रश्न विचारले. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सावकाशीने लिहितो आहे.

आधीच एक सांगतो. तुमच्या फाईलवर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असेल तर हे लिखाण तुमच्यासाठी नाही. त्यात रक्ताची गुठळी, रक्त पातळ ठेवणारी औषधं, कधी कधी दुसऱ्यांदा करावं लागणारं ॲब्लेशन असा सगळा हिशेबच निराळा असतो. आणि झटका (म्हणजे ही धडधड, हार्ट अटॅक नव्हे) नसतानाच्या साध्या ईसीजीतही ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ (हृदयात जन्मतः असलेली विजेची जास्तीची वाट) दिसत असेल, तर गोळी कुठली चालेल हे फक्त तज्ज्ञाने ठरवायचं. त्यात काही नेहमीची औषधं विशिष्ट परिस्थितीत धोक्याची ठरतात. मी बोलतोय ते साध्या, सर्वांत जास्त आढळणाऱ्या एसव्हीटीबद्दल. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाची गाठ असते. जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी ती 1906 साली दाखवून दिली. काहींच्या या गाठीपाशी विजेला जायला दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा ठोका अवेळी पडला की वीज एका वाटेने खाली जाते, दुसरीने वर येते आणि गोल गोल फिरत राहते. सगळी धडधड म्हणजे हे फिरणं.

निदानापर्यंत पोचायलाच मला दीड वर्ष लागलं. माझी दापोली तालुक्यात आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. झटका यायचा, गाडी काढून दवाखाना गाठेपर्यंत चाळीस मिनिटं जायची आणि दारात पोचता पोचता धडधड थांबायची. ईसीजी नॉर्मल. एका ठिकाणी ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. आमच्या सुनेलाही हेच ऐकावं लागलं, आणि बायकांना हे जरा जास्तच ऐकावं लागतं. धडधड थांबल्यावर भरपूर लघवी होणं आणि झटक्यात गळ्याशी ठोके उडताना जाणवणं, या दोन गोष्टी मी स्वतःहून सांगायला हव्या होत्या. मला वाटलं, त्यांचा काय संबंध. संबंध आहे, आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत नेमकं तेच विचारलं.

मग हॉल्टर की खिशातलं यंत्र? हॉल्टर, म्हणजे चोवीस तास ईसीजी नोंदवणारं अंगावरचं यंत्र, मी दोनदा लावला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन जवळजवळ 38 किलो होतं. आताचं काडेपेटीहून थोडं मोठं असतं, लावलेलं आहे हेही विसरायला होतं. पण रोज होणारा त्रास असेल तरच चोवीस तासांत काही सापडण्याची आशा. माझे झटके आठ-दहा दिवसांनी यायचे. दोन्ही वेळा अहवाल स्वच्छ आला आणि माझ्यावरचा संशय तेवढा वाढला. शेवटी भाच्याने दोन बोटं ठेवायचं, फोनला जोडलं जाणारं छोटं ईसीजी यंत्र आणून दिलं. शर्टाच्या खिशात ठेवलं. बाराव्या दिवशी रोपांच्या पिशव्यांच्या ओळीत उकिडवा बसलो असताना झटका आला. मातीचे हात लेंग्याला पुसले, बोटं टेकवली, तीस सेकंदांची पट्टी मिळाली. फोनने स्वतः काही निदान सांगितलं नाही, पण डॉक्टरांना ती पट्टी पुरली. ईसीजी काढणारं घड्याळही हेच काम करतं, फक्त ओल्या-मातकट हातांनी ते जमवणं मला कठीण गेलं. तुमचे झटके महिन्यातून एखादे असतील तर मी हॉल्टरचे पैसे दोनदा घालवणार नाही, एवढंच म्हणेन.

आता उपचार. खरं तर तिसराही रस्ता आहे, काहीच न करण्याचा. झटका आला की तो मोडायची युक्ती शिकून घ्यायची. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जरासा हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं पडायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय वर धरायचे, आणखी पंधरा सेकंद. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने 43 टक्के जणांचा झटका मोडला. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत हे प्रमाण 17 टक्के होतं. पाय वर धरण्याने एवढा फरक पडतो हे मला आधी पटत नव्हतं. माझा अनुभवही दहातल्या चार-पाच वेळांचाच आहे, पण त्या चार-पाच वेळा इंजेक्शन वाचलं. कारण इंजेक्शन, म्हणजे ॲडेनोसिन, मी दोनदा घेतलंय. काही सेकंदांचं काम असतं आणि झटका मोडतोही, पण त्या सेकंदांत छाती दाबून धरल्यासारखी होते आणि आता आपण संपलो असं खरोखर वाटतं. नर्सने आधी सांगून ठेवलेलं असलं तरीही.

वर्षातून एखादा झटका, तोही फुंकून जाणारा, अशी स्थिती असेल तर मी तुम्हाला ना रोजची गोळी सांगेन ना ॲब्लेशन. खिशात डॉक्टरांनी दिलेली एक गोळी अडीनडीला ठेवा आणि कामाला लागा.

रोजच्या गोळीबद्दल वाईट बोलणं मला बरं वाटत नाही, कारण तिने मला सांभाळलं. मला मेटोप्रोलॉल होती, ठोके संथ करणारी. आठवड्याचा झटका दीड-दोन महिन्यांवर गेला. स्वस्त, तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी, आणि हृदयात कुणी काही घालत नाही हे समाधान वेगळंच. तोटे सगळ्यांना सारखे होत नाहीत. मला हातपाय गार पडायचे आणि घरापासून नर्सरीपर्यंतच्या चढावर पाय जड व्हायचे. पूर्वी हंगामात दिवसाला अडीचशे-तीनशे कोयकलमं बांधायचो, ती दोनशेवर आली. यात वयाचा वाटा किती आणि गोळीचा किती, मला सांगता येणार नाही. शिवाय ही गोळी मनाने एकदम बंद करायची नसते. एका प्रवासात गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं आणि दोन दिवसांत त्याची किंमत मोजली.

पण ठरलं ते यामुळे नाही. ठरलं ते वाकण्यामुळे.

माझे बरेचसे झटके वाकण्याने सुरू व्हायचे. चपलेचा पट्टा लावताना, पिशवी उचलताना, खाली पडलेली सुरी घेताना. या आजारात हे अनेकांना होतं. कलमं बांधणाऱ्याचा दिवसच मुळी वाकण्यात जातो: रुजलेलं कोवळं खुंटरोप उचलायचं, शेंडा उडवायचा, चीर द्यायची, पाचर केलेली काडी बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, की पुढची पिशवी. गोळी सुरू झाल्यावर झटके कमी झाले, पण कुठल्या वाकण्याला येईल हे काही कळेना. मग मी सगळीच वाकणी जपून करायला लागलो. आधी भिंतीला हात, मग एक गुडघा, मग दुसरा, मान सरळ. हाताखालचा मुलगा एकदा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही बसा, मी उचलतो.’’ चांगल्या मनाने म्हणाला. तेव्हा मी 46 वर्षांचा होतो. गोळीने महिन्यातले तीन-चार झटके टाळले असतील, पण दिवसातली शंभर वाकणी माझ्याकडून काढून घेतली होती, आणि ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नव्हती. डॉक्टर विचारायचे, ‘‘झटके किती आले?’’ मी म्हणायचो, ‘‘एक.’’ कागदावर सगळं उत्तम.

म्हणून ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. जांघेपुरती भूल, थोडी गुंगी, बाकी आपण जागे. गोळी काही दिवस आधी त्यांच्या सांगण्याने बंद केलेली असते, कारण पहिलं काम झटका मुद्दाम आणण्याचं. तारेतून बारीक विजेचे ठोके देऊन त्यांनी तो आणला, तेव्हा गळ्याशी तीच ओळखीची उडी लागली. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘हाच का तुमचा?’’ मी म्हटलं, ‘‘हाच.’’ तीन वर्षांत पहिल्यांदा माझा झटका चालू असताना हृदयाच्या आतून दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर होता. गोळीच्या आणि ॲब्लेशनच्या तुलनेत हा मुद्दा फारसा कुणी मांडत नाही. गोळी ईसीजीच्या पट्टीवरून बांधलेल्या अंदाजावर चालते. इथे वीज नेमकी कुठून फिरते ते आधी तपासतात आणि त्याच बैठकीत ती वाट बंद करतात. मग हृदय जलद करणारं औषध देऊन झटका पुन्हा आणायचा प्रयत्न करतात. माझा आला नाही.

संथ वाट जाळून बंद करायची ही रीत 1990 च्या सुमारास बसली. ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख 1992 चा. त्याआधी औषधाने भागलं नाही तर छाती उघडण्यापर्यंत वेळ यायची. आता या प्रकारात शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं काम एकाच वेळी होतं. थोड्यांना झटका परत येतो आणि पुन्हा जावं लागतं.

धोका सांगायलाच हवा. संथ वाट आणि मुख्य गाठ यांत अंतर काही मिलिमीटरचं. गाठीला इजा झाली तर वरचे ठोके खाली पोचत नाहीत आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. हे शंभरात एकाहूनही कमी जणांना होतं. पण तो एक आपण असू शकतो, या विचाराने मी आठ महिने थांबलो होतो, आणि कुणी याच विचाराने गोळीवरच राहिलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही. जाळण्याऐवजी गोठवण्याची पद्धतही आहे. तीत गाठीवर परिणाम होतोय असं दिसलं तर वेळीच थांबता येतं, मात्र झटका परतण्याचं प्रमाण जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही अशी किती केलीत, आणि किती जणांना पेसमेकर लागला? माझ्या डॉक्टरांनी न चिडता उत्तर दिलं, आणि खरं म्हणजे त्या न चिडण्यानेच मी होकार दिला.

खर्चाचं म्हणाल तर तीन ठिकाणी विचारलं आणि आकड्यांत फार फरक निघाला. बराचसा फरक थ्रीडी मॅपिंगचा, म्हणजे हृदयातल्या विजेचा संगणकावर नकाशा काढण्याचा होता. ते तुमच्यासाठी खरंच लागणार आहे का, हे विचारून घ्या. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपलं ॲब्लेशन योजनेत बसतं का, हे त्याच्याकडूनच आधी पक्कं करा.

सुनेच्या बाबतीत मात्र मी आडवळण घेतलं नाही. तिला पुढच्या वर्षी मूल हवं आहे. गरोदरपणात झटके वाढू शकतात, औषधं निवडताना हात बांधलेले असतात, आणि एक्स-रेखाली करायचं काम त्या काळात कुणालाच नको असतं. तिला म्हटलं, बाकी निर्णय तुझा आणि तुझ्या डॉक्टरांचा, पण मी असतो तर आधी हे उरकलं असतं.

झाल्यानंतरचं थोडं, कारण हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काही तास पाय सरळ ठेवून निजावं लागतं. पाठ जांघेपेक्षा जास्त दुखते. पहिले दीड-दोन महिने मधूनच एखादा ठोका चुकतो, धडधड आता सुरू होणार असं वाटतं आणि होत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सिरिंज शोधायला धावलो होतो. परतीला एसटीचे धक्के टाळून पनवेलहून खेडपर्यंत रेल्वेने आलो, ते बरं झालं. वजन उचलायला डॉक्टरांनी आठवडाभर मनाई केली होती, मी दोन आठवडे पाळली.

तारीख घेताना आपल्या कामाचा हंगाम बघा. मी मार्चमध्ये करून घेतलं. जूनमध्ये रायवळच्या कोयी रुजल्या तेव्हा गोळी बंद होऊन तीन महिने झाले होते. पहिल्या दिवशी दोनशे दहा कलमं बांधून झाल्यावर बायकोने विचारलं, ‘‘आज भिंत धरली नाहीत?’’ माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.