पॅटर्न की पिन?

स्वारगेटहून कात्रजला जाणाऱ्या पीएमपीच्या गर्दीत शेजारच्याच्या फोनचं लॉक उघडायचा पॅटर्न, म्हणजे ठिपके जोडून काढायची आकृती, नको म्हटलं तरी दिसतो. परवा एका काकांनी माझ्यासमोर मोठ्ठा 'झेड' काढला. हातात बाकरवडीची पुडी होती, त्यामुळे स्क्रीनवर तेलाचा तोच 'झेड' उमटला. फोन तिरपा धरला की झालं, कोणीही वाचावा!

पॅटर्नची ही खरी गोची. नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ आकृत्या होतात, म्हणजे चार आकडी पिनच्या १०,००० पेक्षा कितीतरी जास्त. पण आपण काढतो काय? डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात आणि नावाचं पहिलं अक्षर. आकृती एकदा पाहिली की डोक्यात बसते, आकडे तसे बसत नाहीत.

सहा आकडी पिनचे १० लाख पर्याय. बोटांचे डाग राहिले तरी क्रम कळत नाही. अर्थात १२३४५६ किंवा जन्मतारीख ठेवली तर मुसळ केरात. टाकायला वेळ लागतो ही तक्रार मला पटत नाही, दिवसभर बोटाच्या ठशानेच तर उघडतो आपण फोन.

मी पिनच घेईन, आणि पॅटर्न ठेवायचाच असेल तर निदान रेघ दिसण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा.

एक मात्र दोन्हींना जमत नाही: चोराने सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की ओटीपी तिकडे. त्यासाठी सिमला वेगळा पिन लावावा लागतो. आईच्या फोनला मी कालच लावला, आता ती रोज विचारते, "कुठला पिन रे, आतला की बाहेरचा?"