नाताळची मागणी आणि कुलकुलचे मळलेले पीठ: वसईतल्या एका घरगुती स्वयंपाकघराविषयी

निर्मळ-भुईगावच्या बाजूला एका वाडीतल्या घरात, मागच्या पडवीत, दोन जावा आणि त्यांच्या सासूबाई मिळून डिसेंबर महिन्यात नाताळच्या फराळाची आणि जेवणाची मागणी घेतात. घरावर पाटी नाही, जाहिरात नाही. मागणी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगायची आणि ठरल्या दिवशी जाऊन घ्यायची. हाताशी माणसे मोजकीच असल्यामुळे मागणी वाढलेली त्यांना पेलवणार नाही, म्हणून नाव छापू नका असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे आणि ते मी पाळते आहे. वसई-विरार पट्ट्यात अशी मागणी घेणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत. तेव्हा त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे ठरवायला या एका घराचा अनुभव उपयोगी पडावा.

आमच्याकडे अशा मागणीची वेळ का आली, हे वसईतल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वाडीत एकत्र राहणारे कुटुंब होते तेव्हा आगमन काळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून कामे वाटली जात. एकीकडे नारळ खवले जात, दुसरीकडे काजू सोलून वाळत, मुले बाळ येशूच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत आणि माती गोळा करत आणि संध्याकाळी सगळ्या बायका एका चटईवर फराळाला बसत. आज त्याच कुटुंबातली भावंडे स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये पांगली आहेत, दोघे नवराबायको चर्चगेटच्या बाजूला नोकरीला जातात आणि विरार लोकलमधून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ-नऊ वाजतात. आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना आता उभ्याने कढई सांभाळणे जमत नाही. विकतचा फराळ आणणे ही अशा घरांची गरज आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. मात्र सगळाच फराळ विकत आणला तर नाताळच्या आधीचे ते आठ-दहा दिवस घरात नुसते खरेदीचे होतात, हेही मी पाहिले आहे. या स्वयंपाकघराचे मला सर्वांत मोठे मोल वाटते ते याच ठिकाणी, कारण त्यांनी तयार कुलकुलबरोबरच, म्हणजे शंखासारख्या वळून तळलेल्या गोड खाऊबरोबरच, कुलकुलचे मळलेले पीठ विकायला सुरुवात केली आहे.

कुलकुलला खरी मेहनत दोन जागी लागते. पीठ मळणे हे अनुभवाचे काम आहे: मैदा, थोडा बारीक रवा, तुपाचे मोहन, साखर, अंडे आणि नारळाचा घट्ट रस यांचे प्रमाण जरा चुकले की कुलकुल एकतर दगडासारखे कडक होते किंवा तळताना तेलात उलगडते. वळणे हे मात्र वेळखाऊ आणि अनेक हातांचे काम आहे आणि लहान मुलांनाही ते येते. जे काम अनुभवी हातांचे आहे ते या जावा करून देतात आणि जे घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचे ते आपल्यासाठी ठेवतात. पीठ स्टीलच्या डब्यात, ओल्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळून मिळते; डब्यासाठी वेगळी अनामत घेतात आणि डबा परत केला की ती परत देतात. त्यात ताजा नारळाचा रस असल्यामुळे पीठ सकाळी घेऊन त्याच संध्याकाळी वापरावे लागते, फ्रीजमध्ये ठेवू नये, असे त्या बजावून सांगतात. तो सल्ला योग्य आहे. गारठलेल्या पिठाला वळताना चिरा पडतात.

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रे अंथरून सगळे बसले. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या मागच्या बाजूला तुपाचे बोट फिरवून त्यावर ती दाबून पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची, म्हणजे काट्याच्या रेघा वर उमटतात आणि लहानशा शंखासारखा आकार येतो. सासूबाई काट्याऐवजी कोरी फणी वापरतात; तिच्या रेघा अधिक बारीक आणि सुबक येतात. शेवटची कड नीट दाबून चिकटवली नाही तर तेलात कुलकुल उघडते, हे धाकट्या पुतण्याला त्यांनी जितक्या वेळा सांगितले तितक्या वेळा त्यांच्या आवाजातला उत्साह वाढत गेला, कारण सबंध वर्षात त्या मुलाने त्यांच्याजवळ सलग दोन तास बसण्याचा प्रसंग दुसरा आला नव्हता. कुलकुल मध्यम आंचेवर तळावे लागते. आंच मोठी असेल तर वरून लालसर होऊन आत कच्चे राहते आणि मग चार दिवसांत त्याला खवट वास येतो. या पिठाचे कुलकुल खुसखुशीत झाले, आतपर्यंत तळले गेले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत, उत्तम राहिले. साखर मात्र पिठात थोडी कमी आहे. ज्यांना गोड हवे त्यांनी वरून साखरेचा पाक चढवावा. आम्हाला ते तसेच आवडले.

तयार फराळाची पेटी हा दुसरा प्रकार. तीत कुलकुल, करंज्या, मार्झिपॅन, मिल्क क्रीम (आटवलेल्या दुधाची मिठाई), गवा चीज (पेरूच्या वड्या) आणि खजुराचे रोल असतात. यांतले गवा चीज इतके चांगले आहे की केवळ त्यासाठी या घरी जावे. थंडीत पिकलेला, वासाचा पेरू उकडून, बिया गाळून, साखर आणि लिंबाचा रस घालून तो गर कढईच्या कडा सोडेपर्यंत घोटत राहावे लागते. पेरूत पेक्टिन भरपूर असल्यामुळे तो नंतर आपोआप घट्ट बसतो आणि जिलेटिनसारखे काहीही लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वड्यांना तांबडा रंग ओतलेला असतो. इथे रंग फक्त घोटण्यातून आलेला, गडद विटकरी आहे आणि वडी बोटाने दाबली तर दबून पुन्हा वर येते. तोंडात पेरूची किंचित रवाळ चव रेंगाळते. चार दिवस घोटून खांदे भरून येतात, असे धाकटी जाऊ सांगत होती, आणि वडी खाताना त्यावर विश्वास बसतो.

मार्झिपॅन बदामाऐवजी काजूचे आहे, जशी आपल्याकडची रीत आहे. काजू अगदी बारीक वाटलेला, गुलाबपाण्याचा वास बेताचा, साच्यांची नक्षी स्वच्छ उठलेली; रंग फिके ठेवले आहेत हे मला विशेष आवडले. मिल्क क्रीम साधारण आहे. दूध पुरेसे आटवलेले वाटले नाही आणि साखर पुढे येते.

तक्रार करंज्यांची आहे. सारण चांगले, खोबरे, तीळ आणि खसखस नीट भाजलेले, वेलदोडाही मोजका. परंतु गवा चीजच्या वड्या आणि करंज्या एकाच पेटीत, मध्ये फक्त एक पातळ कागद ठेवून भरल्या होत्या, त्यामुळे वडीतला ओलावा लागून दुसऱ्या दिवशी करंज्या मऊ पडल्या आणि त्यांच्याशेजारचे कुलकुलही. मी फोन केला तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी काहीही सबब न सांगता दुसऱ्या करंज्या देऊ केल्या. तरीही ज्या घरात इतक्या काळजीने पदार्थ होतात तिथे पेटी भरण्यात ही हयगय होऊ नये असे मनापासून वाटते, कारण ही पेटी बहुतेकदा दुसऱ्यांच्या घरी पाठवली जाते. मागणी देतानाच ओले आणि कोरडे पदार्थ वेगळे बांधायला सांगावे.

शेजाऱ्यांना पाठवण्याच्या बाबतीत मात्र या घराचा विचार पक्का आहे. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते आणि नाताळात आपल्याकडून जाते, ही देवाणघेवाण वसईपासून खाली वेंगुर्ला-सावंतवाडीपर्यंतच्या ख्रिस्ती घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अडचण अंड्याची असते. कुलकुलच्या पिठात अंडे असते, मार्झिपॅनमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो आणि मार्गशीर्षातले गुरुवार याच सुमारास येत असल्यामुळे एरवी सामिष खाणाऱ्या घरांतही त्या दिवसांत अंडे चालत नाही. इथे बिनअंड्याची पेटी वेगळी मिळते. तिचे कुलकुल केवळ नारळाच्या रसात मळलेले असते, तळणीचे तेल वेगळे ठेवतात आणि झाकणावर मराठीत ठळक अक्षरांत तसे लिहितात. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी ते वाचून निश्चिंतपणे डबा उघडला. या एका चिठ्ठीने किती संकोच वाचतो, हे ज्यांनी पूर्वी प्रत्येक पदार्थ बोटाने दाखवून समजावला आहे त्यांनाच कळेल.

केकबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सुका मेवा ऑक्टोबरपासून रममध्ये भिजत घालतात आणि केकला गडद रंग साखर जाळून आणतात, ही जुनीच पद्धत आहे. पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा कुणी भांड्याच्या वरखाली निखारे ठेवून केक भाजत, कुणी मिश्रण डब्यांत भरून बेकरीत नेत. आता या घरी मोठा विजेचा ओव्हन आहे. या केकचे वेगळेपण असे की मनुका, काजू आणि संत्र्याच्या सालीबरोबर त्यात आगाशीकडची सुकेळी बारीक चिरून घातलेली असतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, केळीच्या सुक्या पानांत बांधून विकली जाणारी ही सुकेळी वसईचीच ओळख आहेत, पण केकमध्ये ती मी प्रथमच खाल्ली. रम शोषून ती मधासारखी मऊ होतात आणि केकला ओलावा देतात, त्यामुळे आठवडाभरानंतर केक अधिकच मुरतो. एवढा चांगला विचार केल्यावर त्याच केकमध्ये हिरवी-तांबडी टुटीफ्रुटी घालण्याची काहीच आवश्यकता नव्हती. ती चावताना नुसती गोड लागते आणि सुकेळ्यांची चव झाकते. टुटीफ्रुटी नको असे आधी सांगितले तर वगळून देतात.

जेवणातले पदार्थ 23 आणि 24 तारखेला मिळतात. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, अवश्य घ्यावे. मांस आणि काळीज उकडून, अगदी लहान तुकडे करून, परतून मग मसाल्यात आणि शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) शिजवणे हे दिवसभराचे काम आहे आणि इथले तुकडे खरोखर एकसारखे, हाताने चिरलेले असतात. शिरक्यामुळे ते टिकते आणि रोज एकदा नीट उकळी आणत गेले तर दोन-तीन दिवसांनी त्याची चव खरी जमते, म्हणून 25 तारखेच्या जेवणासाठी ते 23 लाच आणून ठेवावे. इंदियाळ हे मांसाचे दुसरे कालवणही चांगले आहे, लसूण पुढे आणि तिखट बेताचे. मसाला घरचाच असतो. उन्हाळ्यात, पाऊस लागण्याआधी मिरच्या, धणे, हळद आणि गरम मसाल्याचे जिन्नस वाळवून, भाजून, कुटून त्यांनी तो गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला असतो. डिसेंबरात त्या बाटलीचे बूच काढल्यावर जो वास येतो तो दळून आणलेल्या तयार मसाल्याला येत नाही.

फुगे मात्र त्यांच्याकडून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मैदा, अंडी आणि नारळाचा रस यांचे आंबवलेले पीठ ओल्या हाताच्या मुठीतून अंगठ्याजवळून दाबत तेलात सोडले की फुगा टम्म फुगतो आणि स्वतःच उलटतो. तो कढईतून थेट ताटात यावा आणि गरम असतानाच सोरपोतेलाच्या रश्श्यात बुडवावा. घरी आणेपर्यंत तो गार होऊन चिवट होतो, मग पदार्थ कितीही निगुतीने केलेला असो. पूर्वी आंबवण्यासाठी ताडी वापरत, आता यीस्ट सहज मिळते आणि नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) निघण्याआधी पीठ भिजवून ठेवले तर सकाळी ते दुप्पट झालेले असते. एवढे एक काम घरी ठेवावे.

दर वाजवी आहेत. कुलकुलचे मळलेले पीठ किलोला 260 रुपये, तयार कुलकुल 580, गवा चीज 640, काजूचे मार्झिपॅन 1,250 आणि केक 900 रुपये किलो, असे आम्हाला पडले. मार्झिपॅनचा दर जास्त वाटेल, पण काजूचा भाव आणि वाटण्याची मेहनत पाहता तो योग्य आहे. मिल्क क्रीमसाठी मी पुन्हा पैसे देणार नाही. कुरिअरने काहीही पाठवत नाहीत. मुंबईत राहणाऱ्यांनी वसईतल्या नातेवाइकांकरवी मागवावे किंवा एखाद्या रविवारी स्वतः यावे. वसई रोड स्टेशनहून निर्मळच्या बाजूला बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

मागणी आगमन काळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंतच घेतात आणि पिठाची तारीख तेव्हाच ठरवावी लागते. पाहुणे 24 तारखेला यायचे असतील तर पीठ त्याच्या आधीच्या शनिवारी किंवा रविवारी मिळेल असे सांगावे, कारण 22 नंतर दोघी जावा मांसाच्या कामाला लागतात आणि पीठ बंद होते.