पणजीच्या शोधात नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या

पणजीचं आयुष्य तिच्या काळाशी जोडून लिहायचं असेल, तर रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांनी, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांनी, यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवलेल्या या वह्या पाहाव्यातच. पण एकट्या त्यांच्यावर विसंबू नये.

जाताना आडनाव, मूळ गाव, तालुका आणि पणजोबांचं नाव हवं. नुसत्या आडनावावर शोध अडतो, कारण वह्या गावं-घराणी धरून लावलेल्या असतात. खरी अडचण बायकांची. नोंद बहुधा सासरच्या वहीत, नवऱ्याच्या नावाखाली, लग्नात बदललेल्या नावानं. कधी फक्त ‘कुटुंब’ एवढंच. म्हणून माहेरचं घराणंही विचारून घ्यावं.

जुनी पानं मोडी लिपीत. वाचून दाखवतात त्यावर समाधान मानू नका. परवानगी घेऊन पानाचा सरळ फोटो काढा, शेजारच्या पानासकट. शक लिहिला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंत ७९. नुसतं संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, असेल तर सावध: ‘कालयुक्त’ म्हणजे शके १८४० किंवा १९००, साठ वर्षांचा फरक!

यात्रेची नोंद म्हणजे मृत्यूची नव्हे. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मागा. तिथं मृत्यू १९१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसला, तर त्या वेळच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीची शक्यता तपासा. मात्र कारणाच्या रकान्यातला ‘ताप’ हिवतापही असू शकतो. आसपासच्या नोंदींत तेच कारण ओळीनं येतंय का, ते पाहिल्याशिवाय साथीचं नाव लिहू नये.

तीर्थोपाध्यांची दक्षिणा ऐच्छिक, आधी बोलून घेतलेली बरी.